चांगुणाबाईंचं खाजण

चांगुणाबाई चिखल चाखायच्या. हे कुणाला सांगितलं की मी थट्टा करतेय असं वाटतं. पण पाच वर्षं मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. खाडीत नव्या जागी पोचलं की त्या वाकायच्या, दोन बोटांनी गाळ उचलून जिभेच्या टोकाला लावायच्या, डोळे बारीक करायच्या आणि बाजूला थुंकायच्या. मग निकाल. "गोडा पानी घुसलाय हिकडं. तिवर न्हाय टिकायची." किंवा नुसतं, "हां. बरा हाय."

आमच्याकडे खारटपणा मोजायचं यंत्र होतं. निळ्या पेटीतलं, लहान बाळासारखं सांभाळायचं. पहिल्या वर्षी मी त्यांच्या प्रत्येक निकालाशेजारी यंत्राचा आकडा लिहून ठेवला. दुसऱ्या वर्षी ते सोडून दिलं, कारण यंत्र बिघडलं की मला त्यांच्यावरूनच कळायला लागलं होतं.

त्यांचे वडील मिठागरावर होते. मीठ कधी धरतं, कधी धरत नाही, हे वाफ्यातलं पाणी चाखून ठरवायचे. मुलीला शाळेत घातलं नाही, पण हे शिकवलं.

मी मुंबईतल्या एका संस्थेत कंत्राटावर होते. काम असं की किनाऱ्यावरच्या कांदळवनांत, म्हणजे तिवरांच्या खारफुटी जंगलांत जायचं, पोलादी नळी गाळात खोल ठोकायची, आत भरलेला चिखलाचा दांडा अखंड बाहेर काढायचा, त्याचे तुकडे करून पिशव्यांत भरायचे आणि त्यात कार्बन किती साठलाय ते प्रयोगशाळेत बघायचं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच धरून रेवसला उतरायचं आणि पुढे रिक्षा. गावाचं नाव मी सांगत नाही. खाडीच्या एका फाट्यावरचं, आगरी वस्तीचं, शेतीपेक्षा डंपरवर जास्त चालणारं गाव, एवढं पुरे.

वाट दाखवायला गावातलं कुणीतरी हवं होतं. पुरुष सगळे गाड्यांवर. म्हणून चांगुणाबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात एक बांबू. पहिल्याच दिवशी मी गुडघाभर उंचीचे नवेकोरे रबरी बूट घालून रुबाबात गाळात उतरले आणि दहाव्या पावलाला मांडीपर्यंत रुतले. त्या काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला काढायची काही घाई नव्हती.

"बूट काढ," त्या म्हणाल्या.

"पाय निघत नाहीये, मावशी."

"पाय निघल. बूट न्हाय निघायचा. त्यो खाडीला दे."

दोन्ही बूट खाडीला दिले. मग त्यांनी बांबू पुढे केला आणि मला ओढून घेतलं. "चवडा पसर, टाच टेकू नको. आनि थांबू नको. थांबलीस का गेलीस." त्यानंतर मी कधी बूट घातले नाहीत.

बोलायला त्या तिखट होत्या. आमच्या संस्थेतल्या प्रकल्पप्रमुख सरांना 'नळीवाला' म्हणायच्या, तोंडावर. पण कामात हयगय नाही. चिखलाचा दांडा बाहेर आला की पिशवीत जाण्याआधी त्याच्यावर नाक फिरवायच्या. वरचा तांबूस थर दिसला की म्हणायच्या, "यो डोंगर हाय. वरती खोदतान, पावसान धुवून हिकडं येतं." खालचा काळाभोर, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ आला की चेहरा निवळायचा. "यो आपला. जुना."

एकदा भरती उतरायची वाट बघत आम्ही बांधावर बसलो होतो. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं, "येवढा चिखल मुंबईला नेऊन करताव काय गं?"

मी सांगितलं. झाडं हवेतला कार्बन घेतात. डोंगरावरच्या रानात पान गळलं की कुजतं आणि त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. इथे पान, मूळ, सगळं गाळात पुरलं जातं. गाळात हवा शिरत नाही, म्हणून ते धड कुजत नाही, शेकडो वर्षं आत पडून राहतं. मोटारींचा, कारखान्यांचा धूर हवेत वाढत चाललाय, त्यातला थोडा असा जमिनीत कोंडून ठेवला जातो. म्हणून ही जंगलं राखायची, गेलेली पुन्हा उभी करायची.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हनजे मुंबईचा धूर आमचे चिखलान ठेवाचा."

"तसंच म्हणा."

"आनि चिखल सुकला तं?"

"भेगा पडतात. हवा शिरते. साठलेलं सगळं परत वर जातं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग पानी येऊ द्याचा. बास. येवढा एकच काम हाय. त्याला येवढी मानसं कशाला?"

मी हसले. पण पुढे आमचा मोठा अहवाल छापून आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की खरं कामाचं वाक्य हेच होतं आणि ते त्यात कुठेच नव्हतं.

त्यांचं स्वतःचं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, मी पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्या वर्षी. एके काळी ती भातशेती होती. खाडीचं पाणी अडवायला बांध, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची झडप. एका वादळात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि भात गेलं. बांध दुरुस्त होईल म्हणून गाव वाट बघत राहिलं. अर्ज झाले, पाहण्या झाल्या, बांध झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात शेतात तिवराची रोपं उगवली. चांगुणाबाई आणि त्यांची सासू दोघींनी ती उपटून काढली. त्याच्या पुढच्या वर्षीही उपटली.

"तिसऱ्या वर्साला म्या वाकली उपटाला," त्या सांगायच्या, "तं बुडाशी ही निवटी. चिंबोऱ्या. आनि बोटायेवढी जिताड्याची पिलं. भात गेल्यावर त्या शेतान काय जित्ता म्या पयल्यांदाच बघितला. तशीच उभी ऱ्हायली. सासू वरडते, उपट. म्या म्हनली, नको. असू दे त्याला."

त्यांनी काही लावलं नाही, हे महत्त्वाचं. त्यांनी फक्त पाण्याची वाट राखली. भरतीला पाणी आत यायला आणि ओहोटीला बाहेर जायला जो अरुंद चर होता, तो दर पावसाळ्यानंतर कुदळीने साफ करायच्या. बारा-पंधरा वर्षं. तिवर आपोआप आली, मग चिपीची झाडं आली, बगळे आले. गाव म्हणायचं, बाईने शेत घालवलं. नवरा म्हणायचा. मुलगा जगदीश मोठा झाल्यावर तोही म्हणायला लागला.

मी तिथल्या गाळात नळी ठोकली. वर काळा, जाड, मुळ्यांनी विणलेला थर. आणि त्याच्याखाली एका रेषेत करडी, घट्ट, जुन्या भातशेताची माती. एका बाईने हट्टाने केलेलं काम त्या दांड्यात वितीने मोजता येत होतं. सर इंग्रजीत काहीतरी उद्गारले. चांगुणाबाईंनी फक्त वास घेतला आणि म्हणाल्या, "पोरकट हाय आजून."

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या कंपनीने खाडीवर कांदळवन लावायचं ठरवलं. कंपनी जेवढा धूर सोडते त्याच्या बदल्यात इथे कार्बन साठवणार, अशी ती योजना. आमची संस्था सल्लागार. लागवडीच्या दिवशी बस भरून माणसं आली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट, डोक्यावर टोप्या. आणि जागा निवडली होती ती खाडीच्या तोंडाजवळची उघडी चिखलवट, जिथे गावातल्या बायका शिंपल्या वेचायच्या. मोकळी दिसली म्हणून.

चांगुणाबाई कंपनीच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हिकडं न्हाय येनार, सायेब. हिकडं लाट खाते. येन्यासारखी जागा असती तं आपनहून आली असती ना ती?"

साहेब सभ्य होते. हात जोडून म्हणाले, "मावशी, तुमच्यासारख्यांचा आशीर्वाद पाहिजे. पहिलं रोप तुमच्या हातानं."

मावशींनी सरांकडे पाहिलं. सर दूरवर बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पाण्याच्या बाटल्या वाटायला वळले. पहिलं रोप त्यांनी लावलं. फोटो निघाला. त्यात त्यांचा चेहरा असा आहे की बघणाऱ्याला वाटावं, उन्हामुळे असेल.

होळीपर्यंत रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. उरल्यासुरल्या काड्यांना शिंपल्या चिकटल्या होत्या. रोपांच्या प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्या भरतीबरोबर वस्तीपर्यंत वाहत आल्या, त्या बायकांनी जाळ्यांतून काढल्या. आणि वर्षभराने कंपनीचं गुळगुळीत पुस्तक आमच्या टेबलावर आलं. मुखपृष्ठावर दाट, हिरवंगार कांदळवन. खाली लिहिलेलं, आमच्या लागवडीचं यश. मी तो फोटो पाहताच ओळखला. डाव्या कोपऱ्यात चराच्या काठाला टेकवून ठेवलेला चांगुणाबाईंचा बांबूसुद्धा आला होता.

पुस्तक घेऊन मी गावी गेले. का नेलं, कुणास ठाऊक. बहुधा राग त्यांनी करावा म्हणून. त्यांनी ते पदराला हात पुसून हातात घेतलं, बराच वेळ बघितलं.

"झ्याक आलाय," म्हणाल्या.

"मावशी, त्यांनी लावलंय असं लिहिलंय खाली."

"मला कं वाचता येतं?" असं म्हणून त्यांनी पुस्तक परत दिलं. मग मी निघताना दारात म्हणाल्या, "तुमी वाचनारी मानसं. तुमी काय केलाव?"

ते खाजण मेलं कसं, ते आता सांगते.

खाजणाच्या वरच्या अंगाला गोदामं होणार होती. तिथे जायला रस्ता हवा होता. रस्त्यासाठी भराव, आणि भरावासाठी डोंगरातला लाल मुरूम. चार महिने डंपर धावत होते. एका आठवड्यात त्यांनी खाजणाच्या चरावरच भर टाकली. पाण्याची वाट बंद. आत अडकलेलं पाणी आधी हिरवं झालं, मग आटलं. पावसाळा संपून थंडी लागेपर्यंत तिवराची पानं पिवळी पडली आणि गाळाला पहिली भेग गेली. चांगुणाबाईंनी मला फोन केला. त्यांनी आपण होऊन केलेला हा पहिलाच फोन. "बाय, चिखल फुटलाय," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी तक्रार केली. गावातल्या कुणीही सही दिली नाही. प्रत्येक घराची एखादी गाडी त्या कामावर होती. तरी पंचनाम्याला एक तरुण अधिकारी आला. मी त्या दिवशी नमुने घ्यायला तिथेच होते. अधिकारी भला माणूस वाटला. भराव बघितला, फोटो काढले, फळीवर कागद लावून लिहायला लागला.

"भर कोणी टाकली, माहीत आहे?"

"हाय."

"नाव सांगा."

"जगदीश."

"पूर्ण नाव?"

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. अधिकाऱ्याचं पेन थांबलं. त्याने तक्रार अर्जावरचं आडनाव बघितलं. "तुमचे कोण?"

"पोरगा. येकुलता."

रस्त्याच्या कडेला डंपर उभा होता. अधिकाऱ्याची नजर त्याच्या कपाळावर गेली. मोठ्या पिवळ्या अक्षरांत, भोवती फुलं काढून लिहिलं होतं: चांगुणा आई.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "गाडीवर तुमचंच नाव आहे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "लिवा."

त्याने लिहिलं. त्यांनी अंगठा दिला. अंगठ्याची शाई पदराला न पुसता खाली वाकून चिखलाला पुसली आणि घरी गेल्या. त्याच घरी, जिथे जगदीश राहायचा, जिथे सुनेने दुपारचं जेवण रांधून ठेवलं होतं. त्या दिवशी घरात काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे एकदा एवढंच म्हणाल्या, "त्यानं मला एक शब्द न्हाय इचारला. ताटान मासा वाढला."

मुलगा वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. बापाची पाठ ट्रेलर चालवून कामातून गेली होती, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, शेत तर आईने खाडीला देऊन टाकलेलं. त्याने गाडी घेतली, तिला आईचं नाव दिलं आणि जिथे सांगितलं तिथे माती टाकली.

पंचनामा कुठे गेला, कळलं नाही. तो अधिकारी बदलून गेला. नव्याने सांगितलं, कागद सापडत नाहीत. दोनदा हेलपाटे घालून झाल्यावर चांगुणाबाई एका सकाळी कुदळ आणि घमेलं घेऊन भरावावर चढल्या आणि खोदायला लागल्या. लपूनछपून नाही, दिवसाउजेडी, डंपरवाल्यांच्या देखत. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बोटभर पाणी पलीकडे गेलं, मग हातभर, आणि संध्याकाळपर्यंत पाण्याने स्वतःच मुरूम कापून वाट मोकळी केली. रस्ता तेवढ्या जागी खचला. एक रिकामा टेंपो कलंडला, कुणाला लागलं नाही.

गुन्हा दाखल झाला. चांगुणाबाईंवर. रस्ता तोडल्याचा, आणि कांदळवनात विनापरवाना खोदकाम केल्याचा.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्यांच्या वकिलाने आमच्या संस्थेकडे एक साधा कागद मागितला. त्या जागी आधीपासून पाण्याची वाट होती आणि ती बंद झाल्याने कांदळवन सुकलं, एवढंच लिहून द्यायचं होतं. आमच्याकडे नकाशे होते, फोटो होते, पाच वर्षांचे नमुने होते. त्या चराच्या प्रत्येक वळणाची रुंदी मी स्वतः टेपने मोजली होती, टेपचं दुसरं टोक चांगुणाबाईंच्या हातात असायचं. सर म्हणाले, "आपलं काम शास्त्राचं. गावच्या भांडणात आपण पडायचं नाही." कंपनीच्या लागवडीचा पुढचा टप्पा तेव्हा मंजुरीसाठी होता आणि सल्लागार पुन्हा आम्हीच असणार होतो. सगळे कागद माझ्या लॅपटॉपवर होते. सरांना न विचारता मी देऊ शकले असते. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. वकिलाचे तीन फोन आले. तिसरा मी उचलला नाही.

कंत्राट वाढलं.

खचलेला रस्ता आठवड्यात पुन्हा बांधला, या वेळी खाली दगड घालून. पाणी जायला म्हणून एक पाइप टाकला, भरतीच्या रेषेच्या वर. त्यातून काहीच जात नाही. आम्ही वर्षाने तिथे परत नमुना घेतला. काळा थर वरून तपकिरी, भुसभुशीत झाला होता, बोटांनी चुरला जात होता. साठलेलं हवेत परत चाललं होतं, पुस्तकात लिहिलेलं असतं अगदी तसं. तो नमुना आमच्या कामाचा ठरला. पाणी तोडल्यावर काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरीकडे मिळालं नसतं. सरांनी त्यावर परिषदेत निबंध वाचला. टाळ्या पडल्या. निबंधात जागेला एक क्रमांक आहे.

मी त्यांना शेवटची पाहिली ती अलिबागला, न्यायालयाच्या आवारात. मी दुसऱ्याच कामाला आले होते. व्हरांड्याच्या पायरीवर त्या बसल्या होत्या, धुतलेलं पातळ नेसून, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. थकलेल्या दिसल्या. शेजारी जगदीश उभा होता. जामीन तोच होता. दुसरं कोण राहणार? खटला संपेपर्यंत त्या जागेकडे फिरकणार नाही असं हमीपत्र त्यांनी दिलं होतं आणि ते पाळलं जाईल याची हमी मुलाने. दर तारखेला तो गाडीचं काम बंद ठेवून त्यांना मोटरसायकलवर घेऊन यायचा आणि घेऊन जायचा.

मला बघून त्या उठल्या नाहीत, पण ओळख दिली. मुलाला म्हणाल्या, "ही ती मुंबईची बाय. चिखल न्याला येयाची."

मी कसे आहात विचारलं. त्या बरी म्हणाल्या. मी पाठीबद्दल विचारलं, सुनेबद्दल विचारलं. सगळं विचारलं, तो कागद सोडून. जगदीशने पायरीखालची मोटरसायकल वळवून आणली. जरा अवघडून मला म्हणाला, "मॅडम, तुमी समजवा ना आयेला. वकील सांगतो, चूक झाली असा लिवून दिला तं केस संपल. ऐकतच न्हाय. तुमचा ऐकल ती."

मी तोंड उघडायच्या आत चांगुणाबाईच बोलल्या. आवाजात राग नव्हता. घरातल्या एखाद्या मुक्या माणसाबद्दल पाहुण्याला सांगावं, तशा सहज म्हणाल्या,

"तिला नको सांगू रं. ती न्हाय बोलत."

मग त्या मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसल्या. जगदीशने खाली वाकून त्यांचा पदर चाकापासून सोडवून वर खोचला, त्यांचा पाय धरून पायदानावर नीट ठेवला आणि गाडी सुरू केली. मी तिथेच उभी होते, हाकेच्या अंतरावर. ती दोघं फाटकाबाहेर पडेपर्यंत वेळ होता.

मग मी ज्या कामाला आले होते, त्या कामाला वळले.